पहिल्या जागेवरचा फोटो

वहिनीनं तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा सगळ्यांत आधी मी पाहिला आणि सगळ्यांत शेवटी अंगठ्याचं चिन्ह टाकलं. दादा वाशीमला एका दवाखान्यात कामाला असतो, त्यानं तिथून लाल बदामांची रांग पाठवली. बाबा ग्रुपवर फक्त लेखांची कात्रणं टाकतात. त्यांनी लिहिलं, "उत्तम."

एवढंच, पण मला ते लागलं. माझ्या एकाही लेखाला बाबांनी नुसतं "उत्तम" म्हटलेलं नाही. तिसरा परिच्छेद सैल झालाय, शेवट कडक पाहिजे होता, "वर्ग" हा शब्द पाच वेळा आलाय, असं काहीतरी असतंच.

फोटोत आमची आई होती. दाराच्या उंबऱ्याशी बसलेली, मांडीवर वाकळ. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून हातानं शिवलेल्या गोधडीला आम्ही वाकळ म्हणतो, बोलताना वाकय. तिचा शेवटचा कोपरा अजून उघडा होता आणि त्यात आई भाकरीचा नखाएवढा वाळका तुकडा सरकवत होती. याला घास भरवणं म्हणतात. वाकळ उपाशी ठेवू नये, नाहीतर पांघरणाराला ऊब लागत नाही, असं आईला तिच्या आईनं सांगितलेलं. फोटोत आईचा चेहरा अर्धाच दिसत होता. उजेड बाजूनं आल्यामुळे नांगरलेल्या रानात सकाळी एकेक सरी दिसावी तसा एकेक टाका दिसत होता.

फोटो चांगला होता. हे लिहायला मला आजही जड जातंय.

कारण फोटो हे माझं काम होतं. आई आणि आमच्या वस्तीतल्या तिघीजणी वाकळी शिवतात, आणि हातानं केलेल्या वस्तू विकणाऱ्या एका साइटवर आमचं दुकान आहे. ते मी उघडलं. फोटो मी काढायचे, मजकूर मी लिहायचा, कोणता फोटो पहिला आणि कोणता सातवा हे मी ठरवायचं. एका वस्तूला दहा फोटो लावता येतात. त्यातला पहिला लोकांना दुकानाबाहेरूनच दिसतो. तो बघून त्यांनी आत यायचं की पुढं जायचं ते ठरतं. वर्षभर त्या पहिल्या जागेला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता.

आता मी तिथं काय लावलं होतं ते सांगते.

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा शाळेत शिपाई होते आणि शाळा सुटली की कार्यकर्ते. वाशीमच्या छापखान्यातून पत्रकांचे गठ्ठे घरी यायचे, गुलाबी, पिवळे, हिरवट, बोटांना रंग लागणारे. दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, शाळेची फी वाढवणाऱ्यांविरुद्ध. अनसिंगच्या बाजारात मी बाबांच्या मागं फिरून ते वाटलेत. माणूस पत्रक हातात घेतो आणि चार पावलं चालतो. त्या चार पावलांत त्याला धरलं नाही तर कागदाची पुडी होते आणि तिच्यात फुटाणे जातात. म्हणून वरची ओळ मोठी आणि जहाल पाहिजे, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

तेव्हा दुकानातल्या अकराही वाकळींच्या पहिल्या फोटोवर मी पिवळी पट्टी मारून लाल ठळक अक्षरांत लिहिलं होतं. "ही चार बायांच्या पाठीच्या कण्याची किंमत आहे." "घासाघीस करण्याआधी एक टाका घालून पाहा." "यंत्राची कंबर दुखत नाही." अक्षरांच्या कडेनं थोडी थोडी वाकळ दिसायची.

पहिल्यांदा दाखवलं तेव्हा आईनं फोन डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला.

"याच्यात वाकय कुठी हाये वं?"

"मागं आहे."

"मंग समोर काय हाये?"

"तुझी बाजू."

"माही बाजू राहू दे," आई म्हणाली, "वाकयीची बाजू दाखव."

वर्षात दोन वाकळी गेल्या. एक बाबांच्या अकोल्याच्या मित्राकडं आणि एक माझ्या कॉलेजच्या बाईंकडं. गिऱ्हाईक श्रमाला घाबरतं, सत्य समोर आलं की पान उलटतं, असा एक लेख मी त्यावर लिहिला. बाबा म्हणाले, दुसरा परिच्छेद पुन्हा बघ.

वहिनी आली गेल्या उन्हाळ्यात, कारंजा तालुक्यातल्या धनजची. बारावी झालेली, कमी बोलणारी. तिच्या माहेरी छापील कागद म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका आणि तिच्या खिळ्याला टोचलेली विजेची बिलं. हे वाक्य मी तेव्हा मनात बनवलं होतं आणि त्यावर खूशही झाले होते. सकाळचं उरकलं की ती आईजवळ बसायची, सुयांत दोरा ओवून द्यायची, आणि मधूनच फोन उचलून फोटो काढायची. मला वाटायचं, माहेरी पाठवत असेल.

तो फोटो ग्रुपवर आल्यानंतर चौथ्या दिवशी साइटची नोटीस आली. पहिल्या फोटोवर अक्षरं चालणार नाहीत. सात दिवसांत फोटो बदलले नाहीत तर त्या वस्तू दुकानात दिसणार नाहीत.

दिवाळी होऊन गेली होती. वाकळ विकली जाते ती आता, थंडीच्या तोंडावर. नंतर कोण घेणार? आणि शिवणाऱ्या तिघींपैकी एक काकू, आमच्या मागच्या घरातली, यंदा ऊसतोडीला गेली नव्हती. दरवर्षी नवरा-बायको जोडीनं जातात. यंदा मीच तिच्या दारात उभं राहून भाषण ठोकलं होतं, की कोयत्यापेक्षा सुई बरी, दुकान चालेल, मी आहे. नवरा एकटा गेला. तिच्या चार वाकळी शिवून पेटीत पडल्या होत्या. दुकान बंद पडलं असतं तर साइटचं काही बिघडणार नव्हतं. मला मात्र रोज तिच्या दारावरून जायचं होतं.

तरी पहिले दोन दिवस मी घालवले ते निषेधाचं पत्र लिहिण्यात. दोन पानी. अक्षरांवर बंदी म्हणजे शिवणारीच्या तोंडावर हात, असा त्याचा सूर होता. पत्र पाठवल्याच्या पाचव्या मिनिटाला उत्तर आलं. अभिप्रायाबद्दल आभार मानलेले, आणि पुढं एक हसरं तोंड.

तिसऱ्या दिवशी मी आईला उंबऱ्याशी बसवलं. तोच उंबरा, तीच वाकळ. दुपारचे साडेबारा झाले असतील.

"खाली पाहा. शिवत राहा. माझ्याकडं बघू नको."

आई माझ्याकडं बघत राहिली. तिनं पदर नीट केला, मान ताठ केली.

"अशी काय बसलीस?"

"तूच तं म्हनलं बस म्हनून. मुडद्यावानी बसवून राह्यली आन् वरतून इचारते."

तीस फोटो काढले. वाकळ पांढरी फटक, आई पासपोर्टवरच्यासारखी. वहिनी धुणं वाळत घालत होती. तिनं दोरीवरूनच एकदा पाहिलं आणि पुन्हा धुण्याकडं वळली. मला तिचं ते वळणं टोचलं. बोलली असती तर मी भांडले असते.

"काय झालं?" मीच विचारलं.

"काही नाई, ताई."

"सांग ना."

"ऊन डोक्शावर आलं की कापड मरते," ती म्हणाली. "आमची माय साडी घ्याले गेली की दुकानातल्या लाइटीत पाहेच नाई. साडी घेऊन दुकानाच्या दारात यायची, तिथं मुरडून पाहे. दुकानदार लय चिडे, म्हने, बाई, पयून चालली काय?" आणि ती हसली. "सकाऊन आठाच्या आत पाहा, नाहीतर मंग पाचच्या पुढं."

मी म्हटलं, "माहीत आहे मला." माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पुन्हा बसवलं. उजेड तोच होता, बाजूनं येणारा, मऊ. टाके दिसत होते. आणि तरी आई तशी दिसेना. फोन समोर आला की तिचे हात थांबायचे. वहिनीच्या फोटोत आई स्वतःला विसरलेली होती. माझ्यासमोर ती एकदाही विसरली नाही. मी तिची पोटची पोर, तिच्या हक्कांवर पानंच्या पानं लिहिलेली. आणि माझ्या फोनपुढं ती फोटो काढून घ्यायला आलेल्या बाईसारखी बसत होती. सहा महिन्यांपूर्वी घरात आलेल्या पोरीसमोर ती आपली मान, आपले खरबरीत अंगठे, तोंडात धरलेला दोरा, सगळं उघडं टाकत होती.

हेव्याला जागा किती थोडी लागते, ते मला त्या आठवड्यात कळलं. वहिनीनं चहा दिला तरी हेवा वाटायचा. ती सुईत दोरा एका झटक्यात ओवायची, त्याचा वाटायचा. रात्रंदिवस शब्द घासून घासून मी जे सांगू पाहत होते ते तिनं एक बोट दाबून सांगितलं होतं, आणि खाली एक ओळही लिहायची तिला गरज पडली नव्हती. माझ्याकडं शब्द सोडून दुसरं काय होतं?

सहाव्या दिवशी मागची काकू आली. दारातूनच म्हणाली, "कावं पोरी, दुकान बंद होऊन राह्यलं म्हनतात?"

"नाही बंद होत."

"नाई, होत असंन तं सांग. मुकादम अजून माणसं नेऊन राह्यला. दोन दिसात गाडी हाये."

ती चिडून बोलली नाही. बाजारात भाव विचारावा तसं विचारलं. मी म्हटलं, "काकू, दोन दिवस थांब." ती गेली आणि मी वहिनीकडं गेले. मागायचं होतं, पण मागितल्यासारखं वाटू द्यायचं नव्हतं.

"वहिनी, तुझ्या फोनमध्ये वाकळींचे फोटो असतील तर पाठव. भरला असेल फोन. मी नीट लावून ठेवते."

तिनं लगेच पाठवले. एकूण बेचाळीस. अकराही वाकळींचे होते. दोरीवर टाकलेली, बैलगाडीच्या साटीवर पसरलेली, घडी घालताना दोघींच्या हातात ताणलेली. एकीवर कोंबडीचं पिल्लू उभं. काकूच्या वाकळीत तिच्या नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याचा खिसा तसाच शिवलेला आहे. मी तो वर्षभर पाहिला नव्हता. वहिनीनं फक्त त्या खिशाचा फोटो काढला होता.

सातव्या दिवशी सकाळी मी ते फोटो चढवले. सगळ्यांत वर, दुकानाच्या माथ्यावर, आईचा तो फोटो. तिथं फोटो चौकोनात बसवावा लागतो. बोटानं चौकोन सरकवायचा आणि बाहेर राहील ते कापलं जातं. मी चौकोन सरकवला. आईचा हात राहिला, वाकळ राहिली, भाकरीचा तुकडा कापला गेला.

मी स्वतःला कारण दिलं. बाबांनी आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं काढली, आणि त्यांच्या घरातल्या दुकानाच्या माथ्यावर वाकळीला जेवू घालणारी बाई? शिवाय गिऱ्हाईक विचारील, मुंग्या लागतात का. कारण अगदी मुद्देसूद होतं, पत्रकात छापण्यासारखं. पण कापताना मला बरं वाटलं, आणि मुद्देसूद कारणानं एवढं बरं वाटत नसतं. तिचा फोटो मी थोडा माझा करून घेतला होता.

खाली मजकुरात एक ओळ पहिल्यापासून होती. शिवणारीचं नाव, मग "छायाचित्रं व मजकूर", आणि माझं नाव. शिवणारीचं नाव लिहायचंच, हा माझा हट्ट होता; त्याशिवाय मी एकही वाकळ दुकानात लावली नव्हती. फोटो बदलले तरी ती ओळ आपोआप तशीच राहिली. मी ती पाहिली. अकरा वेळा पाहिली. आणि अकरा वेळा पुढं गेले.

दोन दिवसांत काकूची खिशाची वाकळ गेली. मग आईची एक, मग पुन्हा काकूची. गाडी काकूला न घेता गेली. वस्तीत मी एकदम शहाणी झाले. आठवड्यानं पुण्याच्या एका बाईंचा निरोप आला. त्यांनी लिहिलं होतं की वाकळ मिळाली, पण आधी त्या फोटोंवर थांबल्या होत्या. खिसा पाहून त्यांना त्यांच्या वडलांचा सदरा आठवला. "फोटो काढणाऱ्याला कापडाचं दुःख कळतं," असं एक वाक्य होतं. मला असं वाक्य सुचलेलं नाही. "तुम्हीच काढलेत ना?" असं शेवटी विचारलं होतं.

मी उत्तर दिलं नाही. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. निरोप उघडायचे, वाचायचे, बंद करायचे.

रविवारी दादा आला होता. जेवणं झाल्यावर त्यानं दुकान स्वतःच्या फोनवर उघडून सगळ्यांना दाखवायला घेतलं. वहिनीनं मान पुढं करून पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"ताई, घास कुठी गेला?"

"चौकोनात बसत नव्हता."

"बसते नं. जरासा खाली घेतला तं बसते." तिनं बोटानं हवेतच चौकोन खाली घेतला. "आता पाहा नं, आई नुसतंच वाकयीत बोट घालून बसल्यावानी दिसून राह्यल्या."

दादा मोठ्यानं हसला. आईनं फोन ओढून घेतला.

"उपाशी ठेवली का वं तू माही वाकय?"

"आई, ती अंधश्रद्धा आहे," मी म्हटलं. आवाज नको तेवढा चढला. "बाबांनाच विचार."

सगळ्यांनी बाबांकडं पाहिलं. बाबा चष्मा लावत होते. "इतकी वर्सं ही घास भरवते, इतकी वर्सं मी पांघरतो," ते म्हणाले. "मी कोन्या तोंडानं बोलू? आन इकडं."

बाबांनी फोन घेतला आणि सवयीनं सरळ तळाशी गेले. कुठलाही छापील कागद ते आधी खालून वाचतात; प्रकाशक कोण, मुद्रक कोण. खाली नाव नसलेलं पत्रक त्यांच्या लेखी निनावी चिठ्ठी. "छायाचित्रं व मजकूर," त्यांनी मोठ्यानं वाचलं, आणि माझं नाव वाचलं. मग थांबले. एकदा वहिनीकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं नाही.

"घाईत राह्यलं असंन बदलायचं," ते म्हणाले.

एका काना-मात्रेसाठी छापखान्यातून गठ्ठा परत पाठवणारा हा माणूस. त्यांनी माझ्यासाठी खोटं कारण शोधलं, यापेक्षा मोठी फजिती माझी झाली नाही. ते मला परिच्छेद सैल आहे म्हणाले असते तर मी चिडून सुटले असते.

"राहिलं नाही, बाबा," मी म्हटलं. "मी पाहिलं होतं. मी ठेवलं."

दादा रिकाम्या ताटाशी चाळा करत बसला. आई म्हणाली, "काहून?"

मी सांगितलं नाही. तिला माझ्या तोंडावरून कळलं असावं, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही. शेवटी वहिनीच उठली, ताटं उचलता उचलता म्हणाली, "मले काय करायचं नावाचं, ताई? तुमी घास तेवढा परत घ्या फोटोत."

तिला नावाचं खरंच काही नव्हतं, की होतं आणि ती गिळत होती, हे मला अजून माहीत नाही. पण "नावाचं काय करायचं" हे मी किती बायांच्या तोंडून ऐकलंय आणि त्यावर किती लिहिलंय! त्याच जागी बसून मी चौकोन खाली घेतला. तुकडा दिसला. बसत होता, अर्धं बोट जागा वरून उरली. मग विकलेल्या धरून अकराही वाकळींची पानं उघडून "छायाचित्रं" आणि "मजकूर" वेगळे केले आणि तिचं नाव लिहिलं. शेवटच्या दोन वेळा हात हलका झाला असं लिहायला मला आवडलं असतं. अकराव्यांदाही तो तेवढाच जड होता.

पुण्याच्या बाईंना लिहिलं, फोटो माझे नाहीत, माझ्या वहिनीचे आहेत. त्यांचं उत्तर तासाभरात आलं, आधीपेक्षा लांब. ते तिच्यासाठी होतं. माझ्यासाठी शेवटी "तुमचेही आभार" होते. तो निरोप मी दोन दिवस जवळ ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आईजवळ सुया ओवत बसली होती तेव्हा समोर जाऊन बसले आणि वाचून दाखवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही वाक्य न गाळता. कापडाच्या दुःखाचं वाक्य त्यांनी पुन्हा लिहिलं होतं, तेही वाचलं.

वहिनीनं सुई वर धरली होती. ऐकून घेतलं. आई म्हणाली, "बोल नं काही, एवढं लिहेल हाये बाईनं."

"त्यायनं पांघरली का पन वाकय?" वहिनी म्हणाली. "का ठेवली कपाटात?"

एवढी पत्रं आली-गेली, आणि हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी फोन तिच्यापुढं धरला. ती म्हणाली, "तुमीच लिहा, ताई, तुमचं अक्षर चांगलं हाये." फोनवर कसलं आलंय अक्षर. मी तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहिला, खाली तिचं नाव टाकलं आणि पाठवून दिला. मग तिथंच बसले, उत्तराची वाट बघत, आणि ती पुढची सुई ओवायला लागली.